अंताचे अंतर

जगाला शेवट आहे असे मानणाऱ्या धर्मपरंपरांचे अभ्यासक ढोबळपणे दोन गट पाडतात. ज्या परंपरांत सृष्टी उत्पन्न होते, लय पावते आणि पुन्हा उत्पन्न होते, त्यांना चक्राकार कालकल्पनेच्या परंपरा म्हणतात. पौराणिक आणि बौद्ध परंपरा या गटात येतात. ज्या परंपरांत काळाला एकदाच आरंभ आणि एकदाच शेवट असून शेवटी ईश्वरापुढे प्रत्येकाचा निवाडा व्हायचा असतो, त्या रेषीय कालकल्पनेच्या परंपरा होत. यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरा त्यांत मोडतात. पाठ्यपुस्तकाला ही वाटणी सोयीची असली, तरी तिच्यामुळे एक अधिक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. तो शेवट उद्या-परवावर आला आहे की लाखो वर्षांपलीकडे आहे, आणि हे अंतर ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा तो प्रश्न होय.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न दोन पक्षांच्या संवादातून मांडला आहे. पुराणपक्षाचे वक्ते म्हणून पाठशाळेत अध्यापन केलेले एक शास्त्रीबुवा आणि इतिहासपक्षाच्या वक्त्या म्हणून महाविद्यालयात मध्ययुगीन इतिहास शिकवणाऱ्या एक बाई कल्पिल्या आहेत. दोघेही कल्पित असले, तरी त्यांच्या तोंडी आलेली मते नवी नाहीत. मराठी वाचकाने ती सुटी सुटी ऐकलेली असण्याचा संभव बराच आहे.

शास्त्रीबुवांनी आरंभ गणितापासून केला. कृतयुगाची १७ लाख २८ हजार वर्षे, त्रेतायुगाची १२ लाख ९६ हजार, द्वापराची ८ लाख ६४ हजार आणि कलियुगाची ४ लाख ३२ हजार मिळून ४३ लाख २० हजार वर्षांचे एक महायुग होते, आणि अशी एक हजार महायुगे म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजेच कल्प होय. ज्योतिषग्रंथांच्या गणनेनुसार कलियुगाचा आरंभ इ. स. पू. ३१०२ च्या फेब्रुवारीत झाला, तेव्हा कलीचीच सुमारे ४ लाख २७ हजार वर्षे अद्याप उरली आहेत. कली संपला तरी जग संपत नाही, कारण कल्की अवतारानंतर पुन्हा कृतयुग सुरू होते; खरा प्रलय कल्पाच्या शेवटी आहे आणि सध्याचा कल्प अजून निम्माही सरलेला नाही. पुराणांत प्रलयाचे चार प्रकार सांगितले आहेत. प्राणिमात्राचा रोज चाललेला मृत्यू हा नित्य प्रलय, ब्रह्मदेवाच्या रात्री होणारा तो नैमित्तिक, ब्रह्मदेवाचे आयुष्य सरल्यावर सर्व तत्त्वे मूळ प्रकृतीत विलीन होतात तो प्राकृतिक, आणि ज्ञानाने जीवाची जन्ममरणातून सुटका होते तो आत्यंतिक.

“यांपैकी पहिला प्रत्येकाला ठाऊक आहे आणि चौथा फार थोड्यांच्या वाट्याला येतो,” असे सांगून शास्त्रीबुवा पुढे म्हणाले, “उरलेले दोन इतके दूर आहेत, की त्यांची धास्ती घेऊन कोणी घरदार विकावे असे शास्त्राला अभिप्रेतच नाही.”

विष्णुपुराणाच्या सहाव्या अंशातील नैमित्तिक प्रलयाचे वर्णन त्यांनी दाखला म्हणून सांगितले. प्रथम शंभर वर्षे पाऊस पडत नाही. मग विष्णू सूर्याच्या किरणांत शिरून पृथ्वीवरचे सगळे पाणी शोषून घेतो, त्या पाण्यावर पोसलेले किरण सात सूर्य होऊन तळपतात, झाडेझुडपे जळून जातात आणि उघडीबोडकी झालेली पृथ्वी कासवाच्या पाठीसारखी दिसू लागते. त्यानंतर शेषाच्या मुखातून निघालेला अग्नी पाताळापासून स्वर्गापर्यंतचे लोक जाळतो, आणि मग हत्तींच्या कळपांसारखे मेघ येतात. त्यांत काही काळे, काही पिवळसर, काही धुरकट तर काही लाखेच्या रंगाचे असतात. ते शंभर वर्षांहून अधिक काळ बरसतात, सगळीकडे एकच समुद्र होतो आणि त्यावर विष्णू निजतो. या वर्णनात पापी कोण आणि पुण्यवान कोण याची निवड नाही, तसेच कोणाला उजव्या हाताला उभे करावयाचे आणि कोणाला डाव्या हाताला याचीही खटपट नाही. शास्त्रीबुवांच्या मते हीच या कल्पनेची थोरवी होय. रोजच्या पूजेच्या संकल्पात, म्हणजे कर्म आरंभण्यापूर्वी देश आणि काळ यांचा उच्चार करण्याच्या विधीत, यजमान आपण ब्रह्मदेवाच्या आयुष्याच्या दुसऱ्या अर्धात, वैवस्वत मन्वंतरात, अठ्ठाविसाव्या कलियुगाच्या पहिल्या चरणात असल्याचे सांगतो, आणि एवढे सांगून झाल्यावर पाण्याची पळी ताम्हनात सोडून पुढच्या कामाला लागतो.

बाईंनी या मांडणीचे सौंदर्य मान्य केले, मात्र लगेच फेब्रुवारी १९६२ कडे लक्ष वेधले. त्या महिन्याच्या ३ ते ५ तारखांना सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठ ग्रह मकर राशीत एकत्र येणार होते आणि हा अष्टग्रही योग जगाच्या नाशाचा असल्याचे भाकीत भारतभर पसरले होते. पंतप्रधान नेहरूंनी या भीतीची टर उडवली, तरी गावोगावी शांतियज्ञ झाले, अखंड नामजप झाले, मंडप उभे राहिले आणि लोकांनी प्रवास पुढे ढकलले. केतू हा आकाशात दिसणारा गोल नसून चंद्राची कक्षा आणि सूर्याचा भासमान मार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या दोन बिंदूंपैकी एकाचे ते नाव आहे. सूर्य आणि चंद्र अशा बिंदूजवळ एकत्र आले की सूर्यग्रहण होते, आणि त्याप्रमाणे ५ फेब्रुवारीला पॅसिफिक भागात खग्रास ग्रहण झालेही. त्यापलीकडे काही घडले नाही. पृथ्वीवर भरती-ओहोटीचा ताण निर्माण करण्याची शुक्राची शक्ती, तो पृथ्वीच्या अगदी जवळ असतानाही, चंद्राच्या शक्तीच्या दहा हजारांश भागाहून कमी असते, तेव्हा काही घडण्याचे कारणही नव्हते. त्याच महिन्याच्या उत्तरार्धात देशात ठरल्याप्रमाणे तिसरी सार्वत्रिक निवडणूक पार पडली.

“शास्त्रीबुवा, ज्या यज्ञांत अष्टग्रहीच्या शांतीसाठी आहुत्या पडल्या, त्याच यज्ञांच्या संकल्पांत कलियुगाचा पहिलाच चरण चालू असल्याचा उच्चार झाला असणार,” बाई म्हणाल्या. “एकाच बैठकीत, एकाच पुरोहिताच्या मुखातून, अंत चार लाख वर्षांवर असल्याचे सांगितले गेले आणि तो येत्या शनिवारी-रविवारी टळावा म्हणून तूपही ओतले गेले. लांबच्या काळाने भीती जाते, हे तुमचे प्रतिपादन मग टिकते कसे?”

या प्रश्नाला शास्त्रीबुवांचे उत्तर असे होते की पुराणांतील प्रलयविचार आणि फलज्योतिष या दोन वेगळ्या विद्या असून एकीच्या चुकीचा जाब दुसरीला विचारणे योग्य नव्हे. बाईंना हा बचाव अपुरा वाटला, आणि प्रस्तुत लेखकालाही तो अपुराच वाटतो, कारण विद्यांच्या सीमा ग्रंथात असतात तितक्या काटेकोर त्या श्रद्धावानाच्या मनात नसतात. शिवाय या दोन विद्यांचा सांधा बराच जुना आहे. कलियुगाच्या आरंभी सर्व ग्रह मेषारंभी एकत्र होते, हे ज्योतिषग्रंथांचे गृहीतकच आहे, आणि ग्रहांच्या मेळ्याने युग सुरू होत असेल तर तशाच मेळ्याने ते संपेल अशी समजूत होण्यास फार कल्पकता लागत नाही. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील बेरोसस नावाच्या बाबिलोनी पुरोहिताचे असेच एक मत रोमन लेखक सेनेका याने नोंदवले आहे: सर्व ग्रह कर्केत एकत्र आले म्हणजे जग जळेल आणि मकरेत एकत्र आले म्हणजे बुडेल. १९६२ ची रास मकरच होती. अर्थात तीही निरयन पद्धतीने, म्हणजे राशी स्थिर ताऱ्यांवरून मोजणाऱ्या भारतीय पद्धतीने. राशी वसंतसंपातापासून मोजणाऱ्या पाश्चात्त्य सायन पद्धतीने तेच ग्रह त्याच दिवशी कुंभेत होते, आणि तिकडच्या काही ज्योतिषांनी त्या मेळ्यावरून नव्या युगाचा आरंभ वर्तवला. इकडे ज्या आकाशाने लोक धास्तावले, तेच आकाश तिकडे आशेचे कारण झाले.

बेरोससचे नाव निघाल्यावर बाईंनी आणखी एक मुद्दा काढला. त्याच्या ग्रंथाचे जे तुकडे इतर लेखकांत टिकून आहेत, त्यांनुसार महापुरापूर्वीच्या बाबिलोनी राजांचा एकूण काळ ४ लाख ३२ हजार वर्षांचा होता, म्हणजे नेमका कलियुगाएवढा, आणि त्यामुळे युगांचा हा हिशेब पश्चिमेकडून ग्रहगणितासोबत भारतात आला असावा असे काही विद्वान मानतात. शास्त्रीबुवांनी यावर शतपथ ब्राह्मणाचा आधार दिला. तेथे प्रजापतीने ऋचांची रचना बारा हजार बृहती छंदांत केल्याचे सांगितले आहे, आणि प्रत्येक बृहतीत ३६ अक्षरे धरली की बेरीज ४ लाख ३२ हजारच येते. शतपथ ब्राह्मण बेरोससहून जुने आहे. हा आकडा साठाच्या घनाची दुप्पट असल्याने साठाच्या पटीत मोजणाऱ्या कोणाच्याही हाती तो स्वतंत्रपणे लागू शकतो, अशीही पुस्ती त्यांनी जोडली. या वादाचा निकाल लागलेला नाही आणि येथे तो लावण्याचे प्रयोजनही नाही.

आता शास्त्रीबुवांनी मोर्चा रेषीय परंपरांकडे वळवला. अंताची तारीख ठरवण्याचा खरा हव्यास त्या परंपरांत आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि उदाहरण म्हणून त्यांनी अमेरिकेतील विल्यम मिलर याचे नाव घेतले. न्यूयॉर्क राज्यात शेती करणाऱ्या या बाप्तिस्त पंथीयाने बायबलातील दानिएलाच्या ग्रंथात आलेल्या २३०० दिवसांचा अर्थ २३०० वर्षे असा लावला, पर्शियाच्या राजाने यरुशलेम पुन्हा उभारण्याची आज्ञा दिली ते इ. स. पू. ४५७ हे वर्ष आरंभ धरले, आणि ख्रिस्त १८४३ च्या सुमारास परत येईल असे गणित मांडले. इसवी सनाच्या मोजणीत शून्य वर्ष नसल्यामुळे ते पुढे १८४४ वर सरकले, आणि अखेरीस त्याच्या एका अनुयायाने यहुदी पंचांगातील प्रायश्चित्ताच्या दिवसाशी मेळ घालून २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख नक्की केली. हजारो लोक त्या दिवसाची वाट पाहत राहिले. न्यू हॅम्पशायर राज्यातील एका शेतकऱ्याने शेतातले बटाटे काढलेच नाहीत, कारण काढून ते खायचे कोणी? २३ तारीख उजाडली. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात त्या दिवसाला मोठी निराशा हेच नाव पडले आहे.

“आणि त्या बटाट्यांचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे,” बाई म्हणाल्या. मिलरच्या अनुयायांच्या परंपरेत सांगतात ते असे, की त्या साली शेजाऱ्यांनी वेळेवर काढलेले बटाटे सडले, उशिरा काढलेले याचे बटाटे मात्र निरोगी निघाले आणि त्यांना चढा भाव मिळाला. अनुयायांनी ही गोष्ट जपून ठेवली, यात नवल नाही. भाकीत फसल्यावर श्रद्धा संपते असे बाहेरच्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात मिलरच्या अनुयायांपैकी बरेच पांगले, पण एका गटाने तारीख बरोबर होती आणि घटना ओळखण्यात मात्र चूक झाली असे मानले, म्हणजे ख्रिस्त पृथ्वीवर यायचा नव्हता, तर स्वर्गातील पवित्र स्थानात त्याच्या कार्याचा शेवटचा टप्पा त्या दिवशी सुरू झाला. या गटातूनच १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च संघटित झाले. जगाच्या अंताची वाट पाहण्यातून जन्मलेल्या या चर्चने जगभर शाळा, इस्पितळे आणि छापखाने उभारले, आणि पुण्याच्या औंध भागातील स्पायसर ही त्याचीच संस्था आहे. ख्रिस्त लवकरच येणार असे मानणाऱ्यांनी चार-चार वर्षांचे अभ्यासक्रम आखावेत, यात बाईंना विसंगती दिसत नव्हती. वाट पाहणे हाच ज्यांच्या जगण्याचा क्रम झाला, त्यांना मुलांचे शिक्षण काही थांबवता येत नाही.

फसलेल्या भाकितानंतरच्या वर्तनाचा सर्वांत गाजलेला अभ्यास लिऑन फेस्टिंगर आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. २१ डिसेंबर १९५४ ला महापूर येणार आणि आपल्याला उडती तबकडी वाचवणार, असे मानणाऱ्या शिकागोजवळच्या एका छोट्या गटात हे संशोधक अनुयायी म्हणून शिरले होते. पूर आला नाही. त्या गटाच्या श्रद्धेमुळेच देवाने जग वाचवले, असा संदेश पहाटे आला, आणि त्यानंतर गट प्रचाराला लागला असे त्यांनी लिहिले. मनाला पटलेले आणि डोळ्यांना दिसलेले यांत विरोध आला की माणूस पटलेले न सोडता त्याला नवे टेकू देतो, हा सिद्धांत पुढे या अभ्यासाच्या आधारे फार पसरला. बाईंनी हा दाखला सावधपणेच दिला, कारण एवढ्याशा गटात बाहेरून शिरलेल्या निरीक्षकांचे प्रमाणच मोठे होते आणि अलीकडे जुन्या कागदपत्रांच्या आधारे त्यातील वर्णनांवर गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत. मिलरच्या अनुयायांचे उदाहरण अधिक भरवशाचे आहे. ते कोणा अभ्यासकाने पेरलेले नव्हते.

तारखेच्या हव्यासाबद्दलचा आरोप मात्र बाईंनी मूळ ग्रंथांच्या बाजूने फेटाळला. मार्काच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात तो दिवस आणि ती घटका कोणालाच, स्वर्गातील दूतांना आणि पुत्रालाही, ठाऊक नसून केवळ पित्याला ठाऊक असल्याचे म्हटले आहे. कुराणातही कयामतीच्या घटकेचे ज्ञान केवळ अल्लाहजवळ असल्याचे अनेक ठिकाणी सांगितले आहे. म्हणजे या परंपरांनी दाराला कुलूप घातलेले आहे, आणि किल्ली बनवणारे कारागीर प्रत्येक शतकात निघतात, असे त्या म्हणाल्या. फेब्रुवारी १५२४ मध्ये मीन राशीतील ग्रहमेळ्यामुळे महापूर येणार, या भीतीने युरोपात शंभराहून अधिक पुस्तिका छापल्या गेल्या. तेथेही बायबलाचा आधार कमी आणि पंचांगाचा आधार अधिक होता.

अंत जवळ आल्याच्या समजुतीचा असा एक प्रसंग महाराष्ट्राच्या इतिहासातही आहे. सुन्नी आणि शिया या दोन्ही परंपरांत अंतकाळी महदी, म्हणजे ईश्वराने मार्ग दाखवलेला उद्धारक, प्रकट होऊन जगात न्याय प्रस्थापित करील, अशी श्रद्धा आहे. जौनपूरचे सय्यद मुहम्मद यांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपणच महदी असल्याचे जाहीर केले आणि त्यांचे अनुयायी महदवी म्हणून गुजरात आणि दख्खनेत पसरले. पुढच्या शतकात, अंताच्या अपेक्षेला खतपाणी घालणारे, हिजरी सनाचे हजारावे वर्ष जवळ येत होते. अकबराने हजार वर्षांचा इतिहास लिहवून घेण्यास आरंभ केला तो याच सुमारास. १५८९ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीत जमालखान या महदवी सरदाराने अल्पवयीन इस्माईल निजामशहाला गादीवर बसवले, सत्ता हाती घेतली आणि महदवी मताला राज्याचे मत केले. इतिहासकार फरिश्ता त्याच वर्षी अहमदनगर सोडून विजापूरला गेला. दोन वर्षांनी, १५९१ मध्ये, वऱ्हाडातील रोहणखेडच्या लढाईत जमालखान मारला गेला आणि त्याच सालच्या ऑक्टोबरात हिजरी १००० सुरू झाले. जमालखानाचे राजकारण केवळ श्रद्धेवर चालले नव्हते, कारण दख्खनी आणि परदेशी सरदारांतील जुने वैर त्यामागे होतेच. तथापि अंत जवळ आला आहे आणि उद्धारक येऊन गेला आहे, या समजुतीने त्याच्या माणसांना एक वेगळा बांधीवपणा दिला, आणि प्रतिस्पर्ध्यांना त्याची धास्ती वाटली, हेही तितकेच खरे.

शास्त्रीबुवांना यात आपल्याच पक्षाचे समर्थन दिसले: अंत जवळ आणला की गाद्या उलथतात, माणसे मरतात, आणि पुराणांनी तो लांब ठेवून समाजाला या तापातून वाचवले.

बाईंचा खरा आक्षेप येथून पुढे आहे आणि या संवादाचा भारही त्यावरच आहे. लांबचा अंत निरुपद्रवी असतो, हे त्यांना मान्य नव्हते. पुराणांतील कलियुगाची वर्णने वाचली म्हणजे शूद्रांनी धर्म सांगणे, स्त्रियांनी नवऱ्याचे न ऐकणे आणि वर्णांची सरमिसळ होणे, हीच कलीची लक्षणे म्हणून पुन्हा पुन्हा येतात. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकांतील सामाजिक उलथापालथीचे ते उच्चवर्णीयांच्या नजरेतून केलेले चित्रण आहे, असे इतिहासकार रा. श. शर्मा यांनी दाखवले आहे. कलियुगात आदि आणि अंत हे दोनच वर्ण उरतात, म्हणजे ब्राह्मण आणि शूद्र, आणि नंदांनंतर क्षत्रिय राहिलेच नाहीत, हा सिद्धांत याच कालकल्पनेतून निघाला. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करताना क्षत्रियत्वाचा प्रश्न उभा राहिला तो या सिद्धांतामुळे, आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कोल्हापुरात वेदोक्त प्रकरण पेटले, शाहू महाराजांना वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाकारला गेला, तेव्हाही हीच ढाल पुढे करण्यात आली.

“मिलरचे गणित एका सकाळी चुकले आणि सगळ्यांना ते दिसले,” बाई म्हणाल्या. “कलीचे गणित चुकण्याची सोयच नाही. चार लाख वर्षे कोणी ते तपासू शकत नाही, आणि तोवर त्याच्या नावाने कोणाला देव्हाऱ्याबाहेर ठेवायचे हे ठरवता येते.”

हा आक्षेप वजनदार आहे. जवळच्या अंताचा उपयोग अस्वस्थ लोक करून घेतात आणि लांबच्या अंताचा उपयोग व्यवस्था सांभाळणारे करून घेतात, असे त्याचे तात्पर्य काढता येईल, आणि महाराष्ट्रापुरते तरी ते बऱ्याच अंशी खरे ठरते.

शास्त्रीबुवांनी वेदोक्त प्रकरणाचे समर्थन केले नाही. मात्र कलीच्या कल्पनेचा उपयोग एकाच दिशेने झाला, हे त्यांनी नाकारले. कलिवर्ज्य, म्हणजे पूर्वयुगांत विहित असूनही कलियुगात निषिद्ध ठरवलेल्या गोष्टी, पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात पन्नासहून अधिक नोंदवल्या आहेत. त्यांत द्विजांचे समुद्रगमन आहे हे खरे, परंतु यज्ञातील गोवध, नरमेध, नियोग आणि वडिलोपार्जित संपत्तीत थोरल्या मुलाला मिळणारा जादा वाटाही आहे. श्रुतिस्मृतींत स्पष्टपणे सांगितलेली गोष्ट थेट चुकीची म्हणता येत नव्हती; काळ बदलला असे म्हणून ती बाजूला सारता येत होती. धर्मशास्त्रकारांना सुधारणेचा हा एक दरवाजा उघडा होता.

त्याहून जोरकस दाखला त्यांनी पुन्हा विष्णुपुराणातूनच काढला. कोणत्या काळी थोडक्या धर्माचे मोठे फळ मिळते, असा ऋषींमध्ये वाद पडला म्हणून ते व्यासांकडे गेले, तेव्हा व्यास गंगेत स्नान करत होते. त्यांनी बुडी मारली, वर आले आणि कली उत्तम असे म्हणाले. पुन्हा बुडी मारून वर आल्यावर शूद्र धन्य असे म्हणाले. तिसऱ्यांदा वर आल्यावर स्त्रिया धन्य असे म्हणाले. कृतयुगात दहा वर्षांच्या तपाने जे मिळते, ते कलीत एका दिवसरात्रीत मिळते, हे त्यांनी दिलेले कारण. महाराष्ट्रातील संतांनी नामस्मरणाला दिलेले स्थान याच धाग्यावरचे आहे. शास्त्रीबुवांच्या मते ज्या ग्रंथाने कलीची निंदा केली, त्यानेच कलीला सर्वांत सोपे युग ठरवले, आणि वारकऱ्यांनी त्यातला दुसरा भाग उचलला.

बाईंनी येथे एक बारीक शंका काढली: त्याच प्रकरणात शूद्र धन्य का, तर द्विजांची सेवा केल्याने तरतो म्हणून, आणि स्त्री धन्य का, तर पतीची सेवा केल्याने तरते म्हणून. शास्त्रीबुवांनी हे नाकारले नाही. चोखोबा आणि जनाबाई यांनी त्या धन्यतेतली सेवेची अट गाळली, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

यानंतर शास्त्रीबुवा पुन्हा प्रलयाकडे वळले. समर्थ रामदासांच्या दासबोधात दहाव्या दशकात पाच प्रलय सांगितले आहेत. पिंडाचे दोन, झोप आणि मरण. ब्रह्मांडाचे दोन, ब्रह्मदेवाची झोप आणि ब्रह्मदेवाचे मरण. आणि पाचवा विवेकाचा, ज्यात जग जागच्या जागी असतानाच त्याचे खरेपण ज्ञात्याच्या दृष्टीने सरते. सात सूर्य आणि शंभर वर्षांचे मेघ रामदासांनाही ठाऊक होते, परंतु रोज रात्री माणूस एका प्रलयातून जातो असे म्हटल्यावर शेवटच्या दिवसाची तारीख शोधण्यात काही राम उरत नाही. बाईंना ही मांडणी आवडली, तरी ती एकट्या साधकासाठी आहे, समाजासाठी नाही, असे त्यांनी नोंदवले. बुडणारा समुद्रकिनारा किंवा अण्वस्त्रे यांच्यापुढे विवेकप्रलय काय सांगणार, असे त्यांनी विचारले. कारण पुराणांत जग काळ संपवतो आणि बायबल-कुराणांत ईश्वर संपवतो, माणसाने स्वतःच्या हातांनी ते संपवावे अशी शक्यता दोन्हीकडे धरलेली नाही.

शास्त्रीबुवांनी महाभारताचे मौसलपर्व पुढे केले. ऋषींच्या शापाने यादवांच्या घरी लोखंडी मुसळ जन्मले. राजाने ते कुटून त्याची पूड समुद्रात टाकवली, आणि त्यासोबत द्वारकेत दारू गाळणाऱ्याला सुळावर चढवण्याची दवंडीही पिटवली. पुढे प्रभासक्षेत्री यादव मद्य पिऊन आपसांत भांडले, त्यांनी हाती आलेले एरका गवत उपटले आणि ते मुसळ होऊन एकेकाचा जीव घेत गेले. द्वारका नंतर समुद्रात बुडाली. कलियुगाचा आरंभ पुराणे याच काळात, श्रीकृष्ण निजधामाला गेल्यापासून, मानतात.

“म्हणजे तेथेही शाप आहेच,” बाई म्हणाल्या. “टाळता आले नसते.”

“शाप मुसळाचा होता,” शास्त्रीबुवा म्हणाले, “दारूबंदी मात्र त्यांची त्यांनीच मोडली.”